एक अष्टमांशाचा खड्डा: सुपरकंडक्टर ऐन जागी का अडतो?

हा तराजू बघा. 7.539 ग्रॅम लॅन्थॅनम ऑक्साइड, 0.609 ग्रॅम बेरियम कार्बोनेट, 1.963 ग्रॅम कॉपर ऑक्साइड. घोटून, भट्टीत घालून, पुन्हा घोटून, पुन्हा भट्टीत. हाती येतं लॅन्थॅनम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनचं 10 ग्रॅम काळं संयुग, त्यात दर तांब्यामागे बेरियम बरोबर 0.125, म्हणजे एक अष्टमांश.

याच कुळातल्या संयुगात 1986 साली बेडनॉर्झ आणि म्युलर यांना झुरिकजवळ 30 केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटी, म्हणजे विजेला रोधच न उरणं, सापडली. बेरियम 0.095 असेल तर ती 32 केल्विनला सुरू होते, 0.155 ला 30. आणि मधल्या 0.125 ला? जेमतेम 4! हाच तो खड्डा.

तो अरुंद आहे, म्हणून वजनात चूक चालत नाही. लॅन्थॅनम ऑक्साइड हवेतलं पाणी ओढतं. पूर्ण हायड्रॉक्साइड झालं तर 100 ग्रॅममध्ये ऑक्साइड 86च. मग लॅन्थॅनम कमी पडतं, बेरियमचा हिस्सा वाढतो, वर कॉपर ऑक्साइड उरतं. आधी 1000 अंश सेल्सिअसला भाजा, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा, लगेच तोला.

आता खड्डा का, ते. लॅन्थॅनमच्या जागी बेरियम बसला की एक इलेक्ट्रॉन कमी, म्हणजे एक होल. दर आठ तांब्यांमागे एक. हे होल तांबं-ऑक्सिजनच्या सपाट थरांत विखरून राहत नाहीत, पट्टे धरतात: दर चौथ्या तांब्यावर, म्हणजे दीड नॅनोमीटरवर एक. आठवा हिस्सा गुणिले चार, म्हणून पट्ट्यातल्या प्रत्येक तांब्यामागे अर्धा होल. 1995 साली ट्रॅन्क्वाडा आणि सहकाऱ्यांनी निओडिमियमवाल्या भावंडात न्यूट्रॉननी हे पट्टे पकडले.

पट्टे अडकवते ती जाळी, म्हणजे स्फटिकातली अणूंची मांडणी. 54 केल्विनच्या सुमारास तांब्याभोवतीचे ऑक्सिजनचे अष्टफलक (सहा ऑक्सिजनचे आठ बाजूंचे पिंजरे) कलण्याची दिशा बदलतात. तांबं-ऑक्सिजनचा बंध एकीकडे सरळ, दुसरीकडे वाकलेला राहतो, आणि पट्ट्यांना खाच मिळते. वरच्या थरात ही खाच 90 अंशांनी फिरलेली! 2007च्या मोजमापांत थराच्या आतला रोध 40 केल्विनजवळ घसरला, थरांमधला मात्र नाही. म्हणजे सुपरकंडक्टिव्हिटीला लागणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात, थराथरांत त्यांची गाठ पडत नाही, हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटतं.

अणूंच्या कंपनांवरही पट्ट्यांची खूण दिसते. बंध ताणणारं 70-80 मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टचं कंपन तरंगलांबी चार तांब्यांएवढी होते तिथेच खाली झुकतं. पण सगळा दोष जाळीला देऊ नका: दाबाखाली, 2 गिगापास्कलच्या आतच, तो कल सरळ होतो, तरी पट्टे उरतातच.

उलट बाजूनेही बघता येतं. 2011 साली युरोपियमवाल्या भावंडावर 10 केल्विनला, साधारण 15 मायक्रॉनचा, तांबं-ऑक्सिजनचा बंध हलवणारा लेसर झोत टाकला. एक-दोन पिकोसेकंदांत थरांच्या आरपार सुपरकंडक्टरसारखी खूण उमटली.