‘बसेल का?’ : जुन्या कार पार्टचा ऑनलाइन धंदा

[दृश्य : टेबलावर एक हेडलॅम्प. कॅमेरा हळूहळू मागच्या बाजूला जातो.]

हेडलॅम्पची काच चकचकीत आहे. गिऱ्हाईक फोटोत हीच बघतं. आता लॅम्प उलटा करूया. वरच्या कोपऱ्यात, बोल्ट लागतो तिथे, प्लॅस्टिकचा एक कान असतो. असे तीन-चार कान मिळून लॅम्प गाडीला धरून ठेवतात. इथे वरचा कान तुटलाय. समोरून ठोकर बसलेल्या गाडीत सगळ्यात आधी हेच जातात. असा लॅम्प गाडीवर चढतो, पण खड्ड्याखड्ड्याला हलतो, आणि आठवड्याभरात मेसेज येतो : पार्ट खराब निघाला, पैसे परत करा.

हा मेसेज येऊ न देणं, हेच या धंद्यातलं खरं काम. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारात गिऱ्हाईक आपला मोडका पार्ट सोबत घेऊन येतं, दुकानातला शेजारी धरून जुळवतं, जुळला तर पैसे मोजतं. ऑनलाइन विक्रीत तो मोडका पार्ट चारशे किलोमीटरवरच्या गॅरेजात पडलेला असतो. जुळवणी तुम्हाला करायची असते, आणि तीही नंबरांवरून आणि फोटोंवरून.

[दृश्य : एका खोलीत लोखंडी मांडणी, अर्धी रिकामी.]

सुरुवातीला एक खोली, दोन मांडण्या आणि तीस-चाळीस नग पुरतात. मॉडेल मात्र एक किंवा दोनच धरा. ज्या कंपन्यांनी इथलं दुकान आवरलं त्यांच्या गाड्या आधी बघा. शेव्हर्लेची विक्री भारतात २०१७च्या अखेरीस थांबली. फियाटची पुंटो आणि लिनिया २०१९मध्ये बंद झाल्या. फोर्डने सप्टेंबर २०२१मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. शेव्हर्लेची बीट आपल्या तळेगावात बनायची, पुंटो रांजणगावात. ते उत्पादन थांबलं, पण रस्त्यावरच्या गाड्या अजून चालताहेत, आणि त्यांच्या मालकांना आरसा, टेललॅम्प, पॉवर विंडोची मोटर लागतेच. याउलट अल्टोसारख्या गाडीचा नवा लोकल टेललॅम्प इतका स्वस्त मिळतो की तिथे जुना ओरिजनल विकण्यात हशील नाही.

एका गाडीचा पार्ट दुसरीला बसतो, हे ज्याला माहीत त्याचा माल लवकर जातो. १२४८ सीसीचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन स्विफ्ट, रिट्झ, पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा, मांझा अशा बऱ्याच गाड्यांत आलं. पण त्यातही मेख आहे. ७५ पीएस ताकदीच्या इंजिनाला साधा टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) असतो, ९० पीएसच्या इंजिनाला व्हेरिएबल जिओमेट्रीचा, म्हणजे आतली पाती हलणारा. फोनवर गिऱ्हाईक ‘मल्टिजेटचा टर्बो आहे का’ एवढंच विचारतं. किती पीएस, ते तुम्ही विचारायचं.

माल कुठून आणायचा? विमा कंपन्यांच्या टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडत नाही अशा, गाड्या लिलावातून तोडणाऱ्यांकडे जातात. २०२१च्या नियमांखाली नोंदणी झालेली स्क्रॅपिंग केंद्रंही आहेत. नवख्या माणसाने आख्खी गाडी घेऊन घरामागे तोडायला बसू नये. त्यात इंजिन ऑइल आहे, एसीचा गॅस आहे, बॅटरीतलं ॲसिड आहे, शिवाय आरसी रद्द करण्याची कागदपत्रं आहेत. सुटे पार्ट घ्या, पण बिलावर घ्या. वहीत प्रत्येक नगापुढे तारीख, विकणाऱ्याचं नाव आणि ओळखपत्र, गाडीचा नंबर आणि चॅसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे लिहा. भाव निम्म्याहून कमी सांगून कोणी बिल द्यायला टाळाटाळ करत असेल तर तो माल सोडून द्या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे पोलीस चौकीत सांगताना हाताशी ही वहीच लागते.

[दृश्य : लॅम्पच्या मागचं स्टिकर, अगदी जवळून.]

आता नंबर. लॅम्पच्या पाठीवर स्टिकर असतं, नाहीतर प्लॅस्टिकमध्ये नंबर उठवलेला असतो. मारुती, ह्युंदाई, टोयोटा यांच्या नंबरात साधारण पाच अक्षरं, मध्ये आडवी रेघ, पुन्हा पाच अक्षरं असतात. पहिले पाच म्हणजे पार्ट कुठला, पुढचे पाच म्हणजे मॉडेल आणि प्रकार. ह्युंदाईत ९२१०१ने सुरू होणारा हेडलॅम्प डावा, ९२१०२ने सुरू होणारा उजवा.

डाव्या-उजव्याचा घोळ हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्तात टळणारा तोटा आहे. बाजू नेहमी सीटवर बसून मोजतात. गाडीसमोर उभं राहून फोटो काढणारा माणूस हमखास उलटं लिहितो. म्हणून जाहिरातीत ‘उजवा, ड्रायव्हर साइड’ किंवा ‘डावा, क्लीनर साइड’ असं दोन्ही लिहा. गॅरेजवाला दुसरा शब्द वाचतो, मालक पहिला.

नुसत्या वर्षावर विसंबू नका. ऑगस्ट २०११मध्ये नवी स्विफ्ट आली, त्यामुळे ‘२०११ची स्विफ्ट’ म्हणजे दोन वेगळ्या गाड्या. दोघींचे लॅम्प वेगळे, दरवाजे वेगळे. २०१८चंही तसंच, कारण त्या फेब्रुवारीत पुढची स्विफ्ट आली. गिऱ्हाइकाकडून आरसीवरचा उत्पादनाचा महिना आणि त्याच्या मोडक्या पार्टचा, कनेक्टर दिसेल असा फोटो मागवा. आरशाच्या बाबतीत कनेक्टरच्या पिना मोजा. नुसता काच फिरवणारा आरसा आणि मोटरने मिटणारा, वर इंडिकेटर असलेला आरसा बाहेरून सारखे दिसतात, पण पिना सारख्या नसतात.

[दृश्य : १२ व्होल्टची बॅटरी, दोन वायरी, वायपरची मोटर फिरते.]

तपासल्याशिवाय एकही इलेक्ट्रिकल पार्ट मांडणीवर चढवू नका. एक चार्ज केलेली बॅटरी, फ्यूज लावलेली वायर आणि मल्टिमीटर, एवढ्यात बरंच भागतं. वायपरची मोटर हळू आणि जलद दोन्ही वेगांवर चालवा, मग पार्किंगच्या जागी येऊन थांबते का बघा. पॉवर विंडोची मोटर दोन्ही दिशांनी फिरवा. अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची) पुली हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका. खरखर आली तर तो कितीही चार्ज करत असला तरी लवकरच बोंबलणार. टेस्ट बेंचवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे थोडे पैसे देऊन ही चाचणी करून घ्या आणि मीटरचा आकडा व्हिडिओत घ्या. एसी कॉम्प्रेसरच्या तोंडातून काळं, धातूची चमक असलेलं ऑइल निघालं तर तो भंगारातच घाला. तो दुसऱ्याच्या गाडीतलं सगळं एसी घाण करून टाकतो.

ईसीएमबद्दल, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल, विशेष सांगायला हवं. इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू न होऊ देणारं कुलूप) असलेल्या गाडीचा ईसीएम दुसऱ्या गाडीत नुसता जोडला तर गाडी सुरूच होत नाही, कारण तो जुन्या चावीला ओळखतो. विकायचा तर ईसीएम, इमोबिलायझरचा डबा आणि चावी असा त्याच गाडीचा सेट विका.

आणि पूर. ऑगस्ट २०१९मध्ये कोल्हापूर-सांगलीत, जुलै २०२१मध्ये चिपळुणात पाण्याखाली गेलेल्या गाड्यांसारखा माल बाजारात येत राहतो. वरून पुसलेला पार्ट स्वच्छ दिसतो. कनेक्टर उघडून आत टॉर्च मारा. पिनांवर हिरवट थर किंवा कोपऱ्यात बारीक सुकलेला गाळ दिसला, तर आज चालणारा पार्टही पुढच्या पावसात जाणार.

काही गोष्टी विकूच नयेत : एअरबॅग, सीट बेल्ट, ब्रेक पॅड, ब्रेकचे होज. एअरबॅगमध्ये स्फोटक भरलेलं असतं, ती पार्सलने पाठवणं धोक्याचं, आणि गरजेच्या क्षणी ती उघडेल याची हमी तुम्ही देऊ शकत नाही. कोणाच्या तरी जिवाची गोष्ट आहे. चॅसिस नंबर कोरलेला पत्र्याचा तुकडा तर हातातही घेऊ नका.

[दृश्य : खोका, मोजपट्टी, वजनकाटा.]

पहिल्या महिन्यात नफा खाते ती पार्सलची लांबी-रुंदी. कुरिअरवाले खरं वजन आणि आकाराचं वजन यातलं जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात. तीन किलोचा हेडलॅम्प ६० × ४५ × ३५च्या खोक्यात घातला की होतो १८.९ किलो. खोका ५५ × ४० × ३०चा केला तर १३.२. बंपरचं १७० × ५० × ४०चं पार्सल ६८ किलोचं होतं. बंपर आणि दरवाजे म्हणूनच जवळपासच्या गॅरेजांना विका, नाहीतर ट्रान्सपोर्टने पाठवा.

खोका पाच पदरी घ्या. लॅम्पला बबल रॅपचे तीन वेढे, आणि कानांभोवती थर्माकोलचे तुकडे आधी, बबल रॅप नंतर. उलटं केलं तर कान वाटेत तुटतो.

कॅश ऑन डिलिव्हरीत जाण्या-येण्याचं भाडं आधी घ्या, बाकीचे पैसे पार्सल घरी पोचल्यावर. आणि पार्टवर रंगीत मार्करने, पटकन न दिसणाऱ्या जागी, तुमचा नग नंबर टाकून फोटो ठेवा. परत आलेल्या खोक्यात गिऱ्हाइकाचाच मोडका पार्ट निघतो, असं होतं, आणि तेव्हा ती खूणच कामाला येते.

कराचं थोडक्यात. परराज्यात विकायचं तर जीएसटी नोंदणी पहिल्या विक्रीपासूनच लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात, दुसऱ्याच्या विक्रीच्या वेबसाइटवरून विकलं तरी, १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीऐवजी जीएसटी पोर्टलवरचा एनरोलमेंट क्रमांक चालतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्टवर दर १८ टक्के आहे, पण जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला मार्जिनवर, म्हणजे खरेदी-विक्रीतल्या फरकावर, कर भरता येतो. ७०० ला घेतलेला, १५०० ला विकलेला लॅम्प असेल तर कर ८०० वर. अट अशी की खरेदीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेतलेलं नसावं.

[दृश्य : पुन्हा तोच हेडलॅम्प. मार्कर धरलेला हात.]

कान तुटलेला लॅम्प टाकायचा नाही. प्लॅस्टिक वेल्डिंग करणारा गॅरेजवाला तो घेतो, कमी भावात. फक्त जाहिरातीतल्या फोटोंपैकी पहिलाच फोटो तुटलेल्या कानाचा, शेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवून. मग चिठ्ठी : उजवा, ड्रायव्हर साइड. आत ओल नाही. मागचं झाकण आहे. वरचा कान नाही, बाकीचे तपासले, शाबूत.