ताप उतरतो, परत येतो: लघवीच्या नळीवरचा बायोफिल्म

नमस्कार मंडळी. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर लघवीची नळी, म्हणजे फोलीज कॅथेटर, तुमच्या ओळखीची असणार. अशा घरांत हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे, ‘कोर्स पूर्ण केला तरी ताप परत आलाच, औषधच लागू पडत नाही.’

औषध बरेचदा बरोबर असतं हो. जंतू बसलेत नळीवर!

टाकीच्या भिंतीला शेवाळ धरतं ना, तसे हे जंतू नळीच्या सिलिकॉनला चिकटतात आणि स्वतःभोवती साखरेच्या साखळ्या, प्रथिनं, डीएनए यांचा बुळबुळीत थर उभारतात. हाच बायोफिल्म. थराच्या तळाशी असलेले जंतू वाढणं जवळजवळ थांबवतात, आणि आपली बरीचशी अँटिबायोटिक्स मारतात ती वाढणाऱ्या जंतूंना. लघवीत सुटे फिरणारे मरतात, ताप उतरतो. थरातले जिवंतच राहतात.

आता स्क्रीनवरचा फोटो बघा. जुन्या नळीचं टोक उभं कापलंय. आत पांढरट, वाळूसारखा खरखरीत थर आणि मधे सुई जाईल एवढीच वाट. ही करामत प्रोटिअस मिराबिलिस नावाच्या जंतूची. त्याचं युरिएज हे एन्झाइम युरियातून अमोनिया काढतं, लघवी अल्कधर्मी होते आणि मॅग्नेशियम-कॅल्शियमचे खडे थरातच जमतात. मग नळी तुंबते. बॅग रिकामी, बाजूने गळतंय, ओटीपोट टणक लागतंय? सकाळची वाट बघू नका, दवाखाना गाठा.

नळी आत असताना दर दिवसाला साधारण 3 ते 7 टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू येतात. महिन्याभरात जवळपास सगळ्यांच्याच. म्हणून ताप, दुखणं काहीच नसताना नुसता रिपोर्ट बघून अँटिबायोटिक सुरू करणं मला तरी पटत नाही. गर्भारपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया असे मोजके अपवाद सोडले, तर शास्त्रही तेच सांगतं.

डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न: नळी अजून लागतेय का? लागत असेल, तर बॅग कायम मूत्राशयाच्या खाली. व्हीलचेअरवर बसवताना ती मांडीवर ठेवतात, तिथेच घोळ होतो. आणि ताप आल्यावर कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, करायचं असेल, तर बॅगेतली लघवी देऊ नका. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर आधी बदलून घ्या, नमुना नव्या नळीतून द्या आणि मगच अँटिबायोटिक सुरू करा.