नांगरट किती, पीक किती: सोव्हिएत सरकारी शेतमळ्यांचा कारभार

दक्षिण रशियातील रस्तोव प्रांतात, साल्स्कच्या सपाट गवताळ मुलखात, १९२८ साली सोव्हिएत सरकारने एक शेतमळा उभारला आणि त्याचे नाव ठेवले ‘गिगांत’, म्हणजे महाकाय. लाख हेक्टरांहून अधिक पसरलेल्या या मळ्यावर ना बांध होते, ना कुळे, ना वाटेकरी. जमीन सरकारची, ट्रॅक्टर सरकारचे, बियाणे सरकारचे आणि राबणारा माणूस गिरणीतल्या कामगारासारखा पगारी. अशा मळ्याला ‘सोव्खोज’ म्हणत. सामुदायिक शेतीच्या ‘कोल्खोज’शी त्याची नेहमी गल्लत केली जाते, पण दोघांत एक मोठा फरक होता. कोल्खोजच्या सभासदाला १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वर्षअखेरीस जे काही उरेल त्यातून, त्याच्या नावावर जमलेल्या कामदिनांच्या हिशेबाने, वाटा मिळत असे. सोव्खोजच्या कामगाराला मात्र पीक येवो वा न येवो, पगार ठरलेला असे. शेतमजुराच्या दृष्टीने ही सुरक्षितता मोठीच होती आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच होता की, ज्याचा पगार पिकावर अवलंबून नाही, त्याने पिकाची काळजी नेमकी कशासाठी वाहायची?

सुरुवातीच्या काळात हा प्रश्न कोणी विचारत नव्हते, कारण सगळ्यांचे डोळे यंत्रांकडे लागलेले होते. मळा जेवढा मोठा, तेवढे यंत्रांचे काम सोपे आणि धान्य स्वस्त, असा सरळ हिशेब होता. तो लवकरच चुकला. एका टोकाला बंद पडलेल्या ट्रॅक्टरचा सुटा भाग दुसऱ्या टोकाहून आणण्यातच पेरणीचे दिवस निघून जात, आणि संचालकाला आपल्या मळ्याच्या कोणत्या कोपऱ्यात काय चालले आहे याचा पत्ता नसे. १९३४ सालच्या सतराव्या पक्षकाँग्रेसमध्ये खुद्द स्टालिनने सोव्खोज अवाढव्य झाले असून संचालकांना ते झेपत नसल्याचे सांगितले आणि ते लहान करण्याची गरज मांडली. तरीही यंत्रांविषयीची भक्ती ओसरली नाही, आणि ती सोव्हिएत सीमेच्या आतही राहिली नाही. १९५५ च्या अखेरीस सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन आणि पक्षप्रमुख ख्रुश्चेव्ह भारतात येऊन गेले, त्यानंतर सोव्हिएत संघाने भेट दिलेल्या यंत्रांवर १९५६ मध्ये राजस्थानातील सुरतगढ येथे सुमारे ३०,००० एकरांचा केंद्रीय यांत्रिक शेतमळा सुरू झाला.

सोव्खोजचा खरा विस्तार झाला तो १९५४ नंतर. कझाकस्तान, पश्चिम सैबेरिया आणि आसपासची कधीही न नांगरलेली जमीन लागवडीखाली आणण्याची मोहीम ख्रुश्चेव्हने हाती घेतली, आणि १९६० पर्यंत सुमारे ४ कोटी २० लाख हेक्टर जमीन नांगरून निघाली. तिच्यातला मोठा वाटा कझाकस्तानचा होता. ओसाड माळावर तंबू ठोकून शेकडो नवे सोव्खोज उभे राहिले. १९५६ चे पीक भरघोस आले, पण १९६३ मध्ये दुष्काळ पडला, उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उडू लागली आणि सोव्हिएत संघाला परदेशातून धान्य विकत घ्यावे लागले. जमीन वाढली, ट्रॅक्टर वाढले, माणसेही वाढली. पण हेक्टरी उतारा त्या प्रमाणात वाढत नव्हता. तेव्हा कुठे कारभाराकडे लक्ष गेले.

हा कारभार समजून घ्यायचा तर एका कागदाकडे जवळून पाहावे लागेल. त्याचे नाव ‘नर्याद’, म्हणजे रोजच्या कामाचा हुकूमनामा. सकाळी तुकडीप्रमुख तो भरून देई: अमुक ट्रॅक्टरचालकाने अमुक तुकड्यात इतक्या हेक्टरांची नांगरट करायची, नेमून दिलेले काम इतके, दर इतका, डिझेल इतके. संध्याकाळी मोजणीदार येऊन काम मोजे, कागद हिशेबनीसाकडे जाई, तिथून मुख्य कचेरीत, आणि महिन्याच्या शेवटी अशा ढीगभर कागदांतून पगार निघे. पेरणाऱ्याचा कागद वेगळा, कोळपणाऱ्याचा वेगळा, कापणी करणाऱ्याचा वेगळा. धान्य किती आले, हा आकडा यांपैकी एकाही कागदावर नसे.

याचा परिणाम थेट मातीत दिसे. नांगरटीचे पैसे हेक्टरावर आणि डिझेल वाचवले तर वर बक्षीस, अशी पद्धत असल्यावर शहाणा चालक फाळ थोडा वर उचलून धरणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. उथळ नांगरट भरभर होते, इंधन कमी लागते, यंत्रावर ताण येत नाही आणि रोजचे प्रमाण दीडपट भरते. तण माजले तर ते काढण्याचे काम दुसऱ्याचे, आणि त्यालाही त्याचे वेगळे पैसे. मग या चालकावर नजर ठेवायला एक तपासनीस, तपासनिसाचे अहवाल पाहायला एक कारकून, अशी देखरेखीची उतरंड वाढत जाई. सोव्हिएत कामगार मुळातच आळशी होता, असे म्हणणाऱ्यांनी त्याच्या परसातला तुकडा पाहायला हवा होता. कोल्खोज आणि सोव्खोज मिळून घरामागच्या अशा तुकड्यांची जमीन १९७० च्या दशकात लागवडीच्या जेमतेम ३ टक्के होती आणि देशाच्या शेती उत्पादनाचा सुमारे चौथा हिस्सा तिच्यातून येत होता.

पगाराच्या पद्धतीइतकीच दुसरी अडचण होती ती निर्णयाच्या अधिकाराची. पेरणी कधी सुरू करायची आणि कधी संपवायची, हे मळ्यावरचा कृषितज्ज्ञ नव्हे, तर जिल्ह्याची पक्षसमिती ठरवत असे, आणि ज्या जिल्ह्याची पेरणी आधी उरके त्याचे नाव वर्तमानपत्रात झळके. उत्तर कझाकस्तानातील शोर्तांदी येथील संशोधन संस्थेचे प्रमुख अलेक्झांडर बारायेव यांचे म्हणणे याच्या अगदी उलट होते. त्या भागात मेच्या मध्यानंतर पेरणी करावी, म्हणजे आधी उगवलेले तण मोडता येते आणि पीक जूनच्या कोरड्या दिवसांत अडकण्याऐवजी जुलैच्या पावसावर वाढते. जमीन फाळाने पलटू नये, वरची धसकटे तशीच ठेवावी, म्हणजे वारा माती उडवून नेत नाही. आणि काही जमीन दरवर्षी पड ठेवावी, असे ते सांगत. पड ठेवलेली जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन, असे मानणाऱ्या ख्रुश्चेव्हचा त्यांच्यावर रोष झाला. बारायेव मात्र आपले म्हणणे सोडायला तयार नव्हते. ख्रुश्चेव्ह सत्तेवरून गेल्यानंतर बारायेव यांचीच पद्धत माळरानावर रूढ झाली आणि १९७२ मध्ये त्यांना लेनिन पारितोषिक मिळाले. म्हणजे ज्ञान हाताशी होते, आणि तेही सरकारी संस्थेतलेच. वाट अडली होती ती ते वापरण्याची मुभा कोणाला, या मुद्द्यावर.

मार्च १९६५ मध्ये पक्षाच्या मध्यवर्ती समितीने शेतीधोरण बदलले. धान्यखरेदीचे उद्दिष्ट दरवर्षी वाढवत नेण्याऐवजी काही वर्षांसाठी कायम केले, भाव वाढवले, आणि उद्दिष्टापेक्षा जास्त विकलेल्या गहू-रायवर ५० टक्के जादा भाव देऊ केला. १९६७ पासून सोव्खोजना ‘पूर्ण हिशेबदारी’वर नेण्यास सुरुवात झाली: मळ्याने आपला खर्च आपल्या विक्रीतून भागवायचा आणि नफ्याचा काही भाग आपल्याकडे ठेवायचा. कागदावर ही सुधारणा चांगली होती. मात्र माल कोणाला विकायचा, यंत्रे कोणाकडून घ्यायची आणि किती माणसे ठेवायची, हे वरूनच ठरत राहिले, आणि तोटा झालाच तर कर्ज लांबणीवर पडे. संचालकाच्या ताळेबंदात नफा-तोट्याचे रकाने आले, पण ट्रॅक्टरचालकाच्या हातातला कागद तोच राहिला.

तो कागदच काढून टाकण्याचा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांची कहाणी या इतिहासातली सर्वांत बोलकी आहे. उत्तर कॉकेशसच्या कुबान भागात व्लादिमिर पेर्वित्स्की या यंत्रचालकाच्या छोट्या गटाकडे ठरावीक जमीन सोपवून, नांगरटीपासून कापणीपर्यंतची सगळी कामे त्यांनीच करायची आणि मोबदला अखेरच्या पिकावर घ्यायचा, अशी व्यवस्था करून पाहण्यात आली. आपल्याकडे उक्ते काम घेणारी टोळी असते, तिला हे सहज समजेल. पेर्वित्स्कींना मान मिळाला, समाजवादी श्रमवीर हा किताबही मिळाला. पण एका गटाचे यश हा एक नमुना म्हणून मिरवला गेला, मळ्याची रचना तशीच राहिली.

इवान खुदेन्को यांनी ती रचनाच बदलली. कझाकस्तानच्या सरकारात अर्थविषयक काम पाहिलेला हा अधिकारी १९६० च्या सुमारास कचेरी सोडून अल्मा-आताजवळच्या इलीय्स्की सोव्खोजवर गेला. शेतकी पदवीपेक्षा हिशेबाची जाण हेच त्यांचे भांडवल होते, आणि मला वाटते, म्हणूनच त्यांना नर्यादमधली फट दिसली. त्यांनी धान्यशेती काही लहान गटांत वाटली, प्रत्येक गटाला जमीन आणि यंत्रे नेमून दिली, रोजचे हुकूम बंद केले आणि मोबदला तयार धान्याच्या क्विंटलवर बांधला. आता उथळ नांगरण्यात कोणाचाच फायदा नव्हता, आणि तपासनिसाचे कामही उरले नव्हते. त्या काळी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, आधी जिथे आठशेहून अधिक माणसे राबत, तिथे शंभराहूनही कमी माणसांत काम भागले, धान्याचा उत्पादनखर्च एका हंगामात कित्येक पटींनी उतरला आणि काम करणाऱ्यांचा पगार वाढला. हे आकडे निवडक माणसांचे आणि पहिल्या उत्साहाचे आहेत, हे ध्यानात ठेवले तरी फरक डोळ्यांत भरण्याइतका मोठा होता.

प्रयोग थोड्याच काळात थांबवला गेला. १९६९ मध्ये खुदेन्को यांना अक्ची येथे पुन्हा संधी मिळाली. ओसाड जमिनीवर लसूणघास पिकवून, वाळवून, त्याची जीवनसत्त्वयुक्त भुकटी जनावरांच्या खाद्यासाठी तयार करायची, असा हा छोटा प्रायोगिक सोव्खोज होता. गटांनी आपापले हिशेब आपणच ठेवायचे आणि एकमेकांशी व्यवहारही हिशेबानेच करायचे, त्यामुळे व्यवस्थापनात जवळपास कोणीच नव्हते. वृत्तपत्रांनी कौतुक केले. १९७० मध्ये, हंगाम चालू असतानाच, मळा बंद करण्याचा आदेश आला. थकलेल्या वेतनासाठी कामगारांनी दाद मागितली. त्या हिशेबाच्या कागदांवरूनच पुढे खुदेन्को यांच्यावर सरकारी पैसा हडपण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप ठेवण्यात आला. १९७३ मध्ये त्यांना शिक्षा झाली आणि १९७४ मध्ये तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला.

मळा बंद करणाऱ्यांना केवळ खलनायक ठरवणे सोपे आहे, पण त्यांच्यापुढचा पेचही खरा होता. आठशेंचे काम शंभरांत होत असेल, तर उरलेल्या सातशेंनी जायचे कुठे? सोव्खोज हा केवळ धान्याचा कारखाना नव्हता. गावातली शाळा, दवाखाना, पाणीपुरवठा, घरे, बर्फ उपसलेला रस्ता हे सगळे त्याच्याच खर्चाने चाले. शिवाय पगाराची एकूण रक्कम वरून ठरलेली असताना एका मळ्यावर तिप्पट पगार निघू लागला, की शेजारच्या मळ्यांत कुरबुर सुरू होणार. आणि जिथे हुकूम लागतच नाहीत, तिथे हुकूम देणाऱ्या जिल्हा कचेरीचे काय, हा प्रश्न कोणी उघड विचारला नसला तरी त्याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक होते.

महाराष्ट्रात हा पेच अगदीच अनोळखी नाही. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर खासगी साखर कारखान्यांकडची खंडाने घेतलेली हजारो एकर जमीन सरकारकडे आली आणि ती कसण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. इथे समाजवाद सोव्हिएत पद्धतीचा नव्हता. पण पगारी शेतमजूर, मळ्यावरची वसाहत आणि वाढता तोटा या गोष्टी ओळखीच्याच होत्या. मूळ खंडकऱ्यांना जमिनी परत करण्यापर्यंत ते प्रकरण पुढे गेले.

सोव्हिएत संघात मात्र खुदेन्को यांची कल्पना दुसऱ्या नावाने परत आली. १९८२ च्या अन्नकार्यक्रमात दुबळ्या मळ्यांची अब्जावधी रूबलची कर्जे माफ झाली आणि १९८३ पासून, तेव्हा शेतीचे काम पाहणाऱ्या मिखाइल गोर्बाचेव्ह यांच्या आग्रहाने, गटांना सामूहिक कंत्राटाने काम देण्याचा प्रचार सुरू झाला. वरून आलेली मोहीम असल्याने जिल्ह्याजिल्ह्यांतून कंत्राटी गटांचे फुगवलेले आकडे येऊ लागले. पुष्कळ ठिकाणी जुन्याच तुकडीच्या नावापुढे नवा शब्द लिहिला गेला. १९८५ मध्ये अनेक मंत्रालये एकत्र करून एक प्रचंड शेती-उद्योग समिती स्थापण्यात आली, तीही १९८९ मध्ये बरखास्त झाली. त्याच वर्षी भाडेपट्ट्याचा कायदा आला, पण तोवर देशच डळमळू लागला होता.

ही गाठ वेगळ्या रीतीने सोडवली ती चीनने. ईशान्येकडील हेलोंगच्यांग प्रांतातले सरकारी मळे सोव्हिएत नमुन्यावरच, काही तर सोव्हिएत मदतीनेच, उभे राहिले होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी मोठ्या मळ्याच्या पोटात कुटुंबांचे लहान मळे बसवले. जमीन सरकारचीच, कालवे, बियाणे आणि तांत्रिक सल्ला मळ्याच्या व्यवस्थापनाकडे, आणि कसणूक कुटुंबाकडे. पहिली काही वर्षे खत, बियाणे, डिझेल सगळे मळाच उधारीवर देई. पीक साधले तर कमाई कुटुंबाची आणि बुडाले तर उधारी मळ्याच्या वहीत, त्यामुळे थकबाकीचे डोंगर साचले. म्हणून १९९० च्या दशकात नियम बदलला: शेतीचा खर्च आणि घरखर्च, दोन्ही कुटुंबाने स्वतःच उभे करायचे, आणि जमिनीच्या वापराचा आकार मळ्याला द्यायचा. ज्यांना हे जमले नाही, त्यांची जमीन जमणाऱ्यांकडे गेली.