वीस ग्रॅम युरिया

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या दोन किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातला जवळजवळ सगळा शरीराला परत करतात आणि लघवीवाटे दीडेक लिटर बाहेर टाकतात. हे काम थांबलं, की युरिया, म्हणजे शरीरात तयार होणारा आणि लघवीवाटे जाणारा टाकाऊ पदार्थ, रक्तात साचत जातो.

1938 साली नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टरसमोर शेतकऱ्याचा बावीस वर्षांचा मुलगा किडन्या निकामी होऊन मरत होता. आई खाटेशी बसलेली. कोल्फच्या मनात आलं, याच्या रक्तातून रोज वीस ग्रॅम युरिया काढता आला, तर हा जगेल. फक्त वीस ग्रॅम! पोरगा गेला, पण तो आकडा डॉक्टरच्या डोक्यातून जाईना. पुढे महायुद्ध पेटलं, देश जर्मनांच्या ताब्यात गेला, सामान मिळेना. तेव्हा कोल्फने सॉसेज भरायची सेलोफेनची नळी घेतली, लाकडी पट्ट्यांच्या पिंपाला गुंडाळली आणि पिंप मिठाच्या पाण्यात फिरवलं. नळीत रक्त, बाहेर पाणी. युरिया पाण्यात उतरू लागला. 1943 पासून त्याने एकामागून एक रुग्ण त्या यंत्रावर घेतले. बहुतेक दगावले. तरी त्याने यंत्र सोडलं नाही. 1945 मध्ये सदुसष्ट वर्षांची एक बाई बेशुद्धीतून डोळे उघडून बोलली, आणि त्यानंतर काही वर्षं जगली. आज आपल्या नागपुरात लोक आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिसला बसतात, त्याची सुरुवात ही.

पण तिथवर जायचंच कशाला? शुगर आणि बीपी, किडनी बिघडवणारी मोठी कारणं हीच. पुन्हा सांगते, शुगर आणि बीपी. किडनी बहुधा दुखत नाही. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो आणखी एक टाकाऊ पदार्थ, वाढलेलं दिसेपर्यंत निम्मं काम गेलेलं असू शकतं. म्हणून शुगर किंवा बीपी असणाऱ्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिनसोबत लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे एक प्रथिन, तेही तपासा. रक्त आणि लघवी, दोन्ही.

आणि गुडघेदुखीच्या गोळ्या! मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला, अंगातलं पाणी आटलेलं, आणि चिठ्ठीशिवाय आणलेली डायक्लोफेनॅक रोज पोटात. किडनीचा रक्तपुरवठाच त्याने आखडतो. मला तर वाटतं, बर्डीवर, इतवारीत प्रत्येक दुकानापुढे पाण्याचा रांजण हवा. वाटसरूला पाणी विकत घ्यावं लागावं, हे आपल्या गावाला शोभत नाही. मात्र ज्यांची किडनी आधीच अधू आहे, त्यांनी पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.