गिअरची दांडी ढिली झालीय? गिअरबॉक्स उघडायच्या आधी खाली बघा

नमस्कार मंडळी. आज गिअरच्या दांडीबद्दल बोलायचंय. ज्यांच्या पार्किंगमध्ये अजून जुनी आठशे, झेन, पद्मिनी, नाहीतर अशीच कुठलीतरी वीस-पंचवीस वर्षांची गाडी उभी आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. दांडी न्यूट्रलला आहे का गिअरमध्ये आहे ते हाताला समजतच नाही, पिठलं हाटताना पळी फिरावी तशी ती कुठेही फिरते, आणि फर्स्ट पडला का थर्ड ते क्लच सोडल्यावर गाडी काय करते त्यावरून ओळखायचं. हे सगळं हळूहळू होतं बघा, दोन-तीन वर्षांत, म्हणून आपल्या हाताला त्याची सवय होऊन जाते आणि आपण म्हणतो जुनी गाडी आहे, चालायचंच. तर ते चालायचं नाहीये, आणि बहुतेक वेळा ते दुरुस्त करायला मोठा खर्चही नाहीये, हे सांगायला मी आज बसलेय.

आमच्याकडे बाबांनी घेतलेली १९९६ ची मारुती आठशे आहे, चार गिअरची, कार्ब्युरेटरवाली. बाबा आता फारसे चालवत नाहीत, मी चालवते. एकदा संध्याकाळी पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला हिरवा पडला, मी फर्स्ट टाकला, क्लच सोडला आणि गाडी आचका देऊन बंद. फर्स्ट समजून थर्ड पडला होता. परत स्टार्ट केली, परत तेच, मागे बस, रिक्षा, सगळे हॉर्नवर हात ठेवून, आणि शेजारी बाबा बसलेले, ते काही बोलले नाहीत पण त्यांचा चेहरा मला दिसत होता. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथल्या माणसाने दांडी दोनदा हलवून बघितली, गाडीखाली वाकलासुद्धा नाही, आणि म्हणाला गिअरबॉक्स उतरवावा लागेल मॅडम, आठ दिवस ठेवा, आणि खरं सांगू का, भंगारात द्या आता. मला फार वाईट वाटलं. गाडी घरी आणली.

आमच्या बिल्डिंगमधले एक काका आयुष्यभर पिंपरीला कारखान्यात फिटर होते. ते म्हणाले, "अगं, गिअरबॉक्स उघडायचा का नाही ते नंतर ठरव. दांडीचं हलणं कुठे हरवतंय ते आधी बघू." हे वाक्य मी तुम्हाला मुद्दाम सांगतेय कारण सगळं काम याच्यातच आहे. तुम्ही वर दांडी हलवता, ते हलणं खाली सळईपर्यंत जातं, सळईतून गिअरबॉक्सपर्यंत जातं, आणि या वाटेवर जिथे दोन भाग एकमेकांना जोडलेत तिथे प्रत्येक ठिकाणी छोटा बुश, म्हणजे नळीसारखी एक रिंग, बसवलेला असतो, रबराचा नाहीतर नायलॉनचा. तो झिजला की हलणं तिथे खाल्लं जातं. म्हणजे गिअरबॉक्सच्या आत सगळं ठणठणीत असू शकतं, फक्त तुमच्या हाताचा निरोप तिथपर्यंत धड पोचत नाही.

आठशेत, आणि तशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत, इंजिन पुढे आडवं बसवलेलं असतं आणि दांडी आपल्या हाताशी, त्यामुळे मधलं अंतर दोन सळयांनी जोडलेलं असतं. एक सळई खरं काम करते, ती पुढे-मागे सरकते आणि स्वतःभोवती थोडी फिरते. दांडी डावी-उजवीकडे नेली की सळई फिरते आणि कुठल्या जोडीतला गिअर ते ठरतं, पुढे-मागे नेली की सळई सरकते आणि गिअर पडतो. दुसरी सळई गिअर टाकत नाही, ती दांडीचं बूड गिअरबॉक्सला बांधून ठेवते, म्हणजे इंजिन हललं की दांडी पण त्याच्याबरोबरच हलते आणि मधलं अंतर बदलत नाही. लोक या दुसऱ्या सळईकडे बघतच नाहीत. तिच्या मागच्या टोकाचं रबर गेलं की ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना दांडी आपोआप पुढे-मागे उड्या मारते, आणि कधीकधी गिअर चक्क सुटून न्यूट्रल होतो.

आता तपासणी. गाडी सपाट जागेवर, हॅन्डब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे किंवा विटा, इंजिन बंद आणि किल्ली काढून खिशात. पुढची बाजू जॅकने उचलायची आणि खाली घोड्या लावायच्या, म्हणजे गाडीचा भार पेलणारे लोखंडी स्टँड, दोन्ही बाजूंना, मगच खाली शिरायचं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, म्हणजे कधीही, एक मिनिटासाठीसुद्धा जायचं नाही. घोड्या नसतील तर ज्याच्याकडे खड्डा किंवा रॅम्प आहे अशा गॅरेजवाल्याला विनंती करा, पण हे एक टाळू नका. सायलेन्सर त्याच भागातून जातो, म्हणून गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर तास-दीड तास थंड होऊ द्या.

मग माणसं दोन लागतात. आमच्याकडे बाबा सीटवर बसले आणि दांडी सावकाश, अगदी थोडी थोडी, पुढे-मागे हलवत राहिले, मी आणि काका खाली टॉर्च घेऊन. काकांनी माझं बोट धरून गिअरबॉक्सजवळच्या जोडावर ठेवलं, अर्धं बोट सळईवर, अर्धं गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या दांड्यावर, आणि म्हणाले आता डोळे मीट. आणि खरंच, डोळे मिटल्यावर कळलं. सळई आधी हलायची, टिक असा बारीक आवाज यायचा, आणि मग दांडा हलायचा. मधे साधारण दोन मिलीमीटर काहीच नाही. तिथला बुश जवळजवळ नाहीसाच झाला होता, बोल्टभोवती त्याचं काळं पीठ तेवढं उरलं होतं.

तुम्ही म्हणाल दोन मिलीमीटरने काय होतंय. तर दांडी ही तरफ आहे. टेकूपासून खालचं टोक जवळ आणि वरची मूठ लांब, समजा पाचपट लांब, म्हणजे खालचे दोन मिलीमीटर मुठीला एक सेंटिमीटर होतात. आणि असे तीन जोड थोडे थोडे झिजलेले असले की त्यांची बेरीज होते, म्हणून एकही भाग फार खराब दिसत नाही आणि तरी दांडी पार लटपटते. त्यामुळे एक बुश बदलून बाकीचे तसेच ठेवू नका, एकदा खाली शिरलाच आहात तर सगळे बदला, अख्खं किट मिळतं.

पण बुश आणायला पळायच्या आधी अजून दोन गोष्टी बघून घ्या, कारण प्रत्येक गिअरचं दुखणं दांडीचं नसतं. इंजिन बंद असताना सगळे गिअर मऊ पडतात आणि चालू केल्यावर अडतात, रिव्हर्सला करकर होते, असं असेल तर तो क्लच आहे. क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका, तरी करकरला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. बऱ्याचदा क्लच वायरचं सेटिंग गेलेलं असतं, पेडलला वरचा मोकळा खेळ साधारण १५ ते २० मिलीमीटर असतो पण आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा बघूनच लावा. दुसरं म्हणजे इंजिनचं फाउंडेशन, इंजिन ज्या रबरी गादीवर बसतं ते. बॉनेट उघडा, हॅन्डब्रेक घट्ट, गाडीच्या पुढेमागे कोणीही नाही, बघणारा बाजूला उभा, आणि फर्स्टमध्ये क्लच अगदी जरासा सोडून इंजिनवर ताण द्या, मग रिव्हर्समध्ये तसंच. इंजिन नुसतं कलंडलं तर ठीक, धाडकन उचकलं तर फाउंडेशन फाटलंय, आणि ते फाटलेलं असताना कितीही नवे बुश घातले तरी सहा महिन्यांत परत तेच. आठशेचं इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं, ते आयडलला थोडं थरथरतंच, दांडीलाही ती थरथर येते, त्याला घाबरू नका.

आणि फक्त एकाच गिअरला, समजा सेकंडला, चालू गाडीत करकर होत असेल, दांडी मात्र घट्ट असेल, तर ते गिअरबॉक्सच्या आतलं सिंक्रोच्या पितळी रिंगचं काम, गिअर पडताना आतल्या भागांचा वेग जुळवते ती रिंग. तिथे बुशचा काही उपयोग नाही. आधी ऑईल तपासा, पातळी आणि ग्रेड दोन्ही, बाकी चांगल्या मिस्त्रीकडे.

केबलवाल्या गाड्यांत सळयांच्या जागी दोन केबल असतात, एक आडव्या हालचालीची आणि एक पुढे-मागेची, त्यामुळे ढिलेपणा कुठल्या दिशेला आहे त्यावरून निम्मं निदान बसल्या जागी होतं. केबलच्या टोकाला प्लॅस्टिकचा डोळा असतो, त्यातला बुश जातो नाहीतर लॉक निघतं. त्याला तार बांधून वर्षानुवर्षं चालवणारे लोक मी बघितलेत. घाटात ती तार सुटली की गाडी आहे त्या गिअरमध्ये अडकते हो, प्लीज असं करू नका.

सामान आणायला आम्ही नाना पेठेत गेलो. जुना बुश, जेवढा उरला होता तेवढा, आणि त्याचा बोल्ट रुमालात बांधून नेला, कारण दुकानदार विचारतो कुठलं साल, आठशेचं मॉडेल टाइप वन का टाइप टू, आणि तोंडी वर्णनाने चुकीचं सामान घरी येतं. किट मला दोनशेच्या आत मिळालं. तिथे पितळी आणि पीयूचे, म्हणजे कडक पॉलियुरेथेनचे, बुशपण दाखवले, ते जास्त टिकतात आणि गिअर टक्कन पडतो हे खरं, पण कडक बुश इंजिनची सगळी थरथर दांडीत आणतो, तीन सिलिंडरच्या गाडीत तर मूठ गुणगुणायला लागते. रोज कोथरूड ते स्वारगेट करायचंय, मला मूळचाच बरा वाटला.

बसवणं अवघड नाही, वेळखाऊ आहे. बोल्ट गंजलेला असतो, आदल्या रात्रीच त्यावर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. सळई काढायच्या आधी ती कुठल्या बाजूने कशी बसली होती त्याचे मोबाईलवर फोटो काढा आणि पांढऱ्या रंगाने खूण करा. आमच्या गाडीत बाराचा पाना लागला. बुश निघाल्यावर घाईने नवा घुसवू नका, आधी बोल्ट आणि भोक बघा. बोल्टला मधेच कंबर पडली असेल तर बोल्ट नवा, आणि सळईचं भोक गोल न राहता लांबट झालं असेल तर नवा बुश महिनाभर टिकेल फक्त. आमचं तसंच झालं होतं. काकांनी ओळखीच्या टर्नरकडून लेथवर भोक गोल करून त्यात स्लीव्ह, म्हणजे धातूची पातळ नळी, बसवून घेतली, अर्ध्या तासाचं काम. मग पॉलिश पेपरने सगळं घासून, पुसून, नायलॉनच्या बुशला साधं ग्रीस आणि रबराच्या बुशला सिलिकॉन ग्रीस. हा फरक लक्षात ठेवा, साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि मऊ पडतं. दांडीच्या बुडाशी जो गोळा असतो त्याच्या वाटीतलं वाळलेलं जुनं ग्रीस खरवडून काढलं तेव्हा त्यात वाळू निघाली, खरीखुरी वाळू, चिमूटभर.

ती वाळू आली कुठून, तर खालचा रबरी बूट, म्हणजे जोडावरचं आवरण, फाटला होता तिथून. पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवरचं चिखलपाणी चाकांनी उडतं आणि थेट त्या जोडात जातं, मग पाणी सुकतं, वाळू राहते, आणि ती वाळू कानसीसारखी बुश खात बसते. नवा बुश घालून फाटका बूट तसाच ठेवला तर काम अर्धंच झालं. बूट शंभर-दीडशे रुपयांचा असेल नसेल, पण मला विचाराल तर अख्ख्या कामात तोच सगळ्यात महत्त्वाचा.

सगळं बसल्यावर घोड्यांवर असतानाच बाबांनी वरून चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघितले. नंतर रविवारी सकाळी आम्ही तिघं दिवे घाटातून सासवडला गेलो. घाटात वळणावर थर्डवरून सेकंड घेताना दांडी आपणहून त्या जागेकडे जात होती, हाताला फक्त सोबत करायची होती. बाबा म्हणाले, घेतली तेव्हा अशीच होती. येताना मग तेच चालवत आले, दोन वर्षांनी पहिल्यांदा. आणि त्यांनी मला टोकलं पण, की चालवताना हात दांडीवर टेकवून ठेवू नकोस, तो भार गिअरबॉक्सच्या आतल्या फोर्कवर, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या चिमट्यावर जातो. बरोबर आहे त्यांचं, मी आता सोडलीय ती सवय.

एक राहिलं. काम झाल्यावर दोन आठवड्यांनी, साधारण दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालली की परत एकदा तशीच घोड्यांवर घ्या, खाली जा, आणि प्रत्येक नटाला पाना लावून बघा. नवा बुश थोडा दबून बसतो आणि नट सैल पडतो. आमचा पुढचा नट अर्धा फेरा फिरला. नमस्कार.