कोलोमा: सोनं सापडलं त्या खोऱ्यात मुक्काम

हे जे पाणी तुम्ही बघताय ते अमेरिकन नदीचं, तिची दक्षिणेकडची शाखा, इकडे सगळे साउथ फोर्क म्हणतात. आणि दोन्ही बाजूंनी उतरत आलेत त्या सिएरा नेवाडाच्या पायथ्याच्या टेकड्या, उन्हाळ्यात पूर्ण पिवळ्या पडलेल्या, मधेमधे ओकची गडद हिरवी झाडं. गावाचं नाव कोलोमा. कॅलिफोर्नियात आहे, सॅक्रामेंटोपासून गाडीने तासभर, बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागातून निघालात तर ट्रॅफिक धरून तीन तास पकडा.

बे एरियातल्या मराठी घरांमधे पोरं चौथीत गेली की हे नाव निघतंच, कारण इकडे चौथीला कॅलिफोर्नियाचा इतिहास असतो आणि गोल्ड रश, म्हणजे सोन्यासाठी लोकांची लागलेली रीघ, ती झाल्याशिवाय तो काही पुढे सरकत नाही. मग शाळेची ट्रिप जाते, नाहीतर आईबाबा शनिवारी घेऊन जातात, दोन तास फिरायचं, सोनं शोधायला पॅनमधे (पसरट ताटलीत) वाळू हलवायची, आइस्क्रीम खायचं आणि अंधाराच्या आत परत. माझं म्हणणं एवढंच आहे की एक रात्र तरी राहा. दुपारच्या गर्दीत सोन्याचीच गोष्ट ऐकू येते, आणि या खोऱ्यात सोन्यापेक्षा मोठ्या गोष्टी आहेत, त्यांना वेळ द्यावा लागतो.

आता राहायचं कुठे, तर मार्शल गोल्ड डिस्कव्हरी स्टेट हिस्टॉरिक पार्कमधे स्वतःचं कॅम्पिंग नाहीये. पण अगदी लागून, कोलोमात आणि शेजारच्या लोटसमधे, नदीकाठी खाजगी कॅम्पग्राउंड आहेत, तंबूची जागा मिळते, आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) लावता येते, काही ठिकाणी केबिन पण असतात. वीकेंडला आधी बुक करा. इथली उंची फार नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्टमधे पारा ३८ डिग्रीच्या वर सहज जातो आणि डोंगरात आलोय म्हणून गार वाटेल असं समजून लोक फसतात. एप्रिल-मे सगळ्यात छान, टेकड्या हिरव्या असतात, रानफुलं असतात. नाहीतर मग सप्टेंबर संपताना या. लाकडं घरून आणू नका, इथेच विकत घ्या, लाकडातून किडे एका जंगलातून दुसऱ्यात जातात. आणि शेकोटी चालेल की नाही हे त्या त्या दिवशीच्या आगीच्या नियमांवर असतं, म्हणून गॅसची शेगडी जवळ असलेली बरी, पोहे-चहा कुठे अडत नाही. पॉइझन ओक मुलांना आधी दाखवून ठेवा, तीन-तीन पानांचा झुपका, हात लागला की पुरळ उठतं.

नदीबद्दल एक नीट ऐका. वर चिली बारला धरण आहे, तिथून पाणी सोडतात आणि ते इथे पोचलं की नदी चढते, सकाळी ज्या दगडावर खुर्ची टाकली तो नंतर पाण्यात असू शकतो. पाणी वरच्या बर्फाचं, थंडगार, बाहेर कितीही ऊन असू दे. लहान मुलांना लाइफ जॅकेट घालाच. या सोडलेल्या पाण्यामुळेच उन्हाळाभर इथे राफ्टिंग चालतं, आणि मला आवडतं ते हे की कोलोमा-लोटसच्या वस्तीजवळून जाणाऱ्या पट्ट्यात राफ्टवाल्यांनी आरडाओरडा करायचा नाही असा नियम आहे, क्वाएट झोन म्हणतात त्याला. बोटी येतात, हात करतात, गुपचूप पुढे जातात.

सकाळी ऊन चढायच्या आत पार्कमधे जा. म्युझियमपासून जवळच एक सपाट खडक आहे, त्यात गोल खड्डे पडलेत. ही उखळं आहेत, आपल्याकडे जुन्या वाड्यात जमिनीत पुरलेलं असायचं ना, तशीच. इथले मूळ रहिवासी निसेनान, त्यांच्या बायकांनी ओकची फळं कुटून कुटून हे खड्डे पाडलेत. ती फळं तशीच खाल्ली तर कडू लागतात, म्हणून कुटायची, पीठ पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन कडूपणा काढायचा, मग शिजवून खायचं. दगडात एवढा खोल खड्डा पडायला किती पिढ्या लागल्या असतील बघा. बहुतेक लोक हा खडक ओलांडून सरळ मिलकडे जातात. प्लीज असं करू नका, आधी इथे थांबा.

मग मिल. जॉन सटर नावाच्या माणसाला सॅक्रामेंटोजवळच्या आपल्या वसाहतीसाठी लाकूड हवं होतं, म्हणून त्याने जेम्स मार्शलला भागीदार घेऊन इथे पाण्यावर चालणारी लाकूड कापायची गिरणी बांधायला घेतली. कामाला निसेनान माणसं होती, मॉर्मन बटालियनमधून, म्हणजे मॉर्मन पंथाच्या लोकांच्या अमेरिकी लष्करी तुकडीतून, सुटलेले सैनिक होते. गिरणीच्या चाकाखालून गेलेलं पाणी परत नदीत सोडायला चर खणला होता, तो पुरेसा खोल नव्हता, म्हणून दिवसा माती मोकळी करायची आणि रात्री पाणी सोडून ती वाहून जाऊ द्यायची असं चाललेलं. २४ जानेवारी १८४८ च्या सकाळी मार्शल तो चर बघायला गेला आणि त्याला तळाशी काहीतरी चमकताना दिसलं. ठोकून बघितलं, तुटत नव्हतं, चपटं होत होतं. कामगारांचा स्वयंपाक करणारी जेनी विमर सोन्याच्या खाणींच्या भागात, जॉर्जियात वाढलेली, तिने तो तुकडा साबणाच्या उकळत्या काढ्यात टाकला, बाहेर काढला तर जसाच्या तसा. पुस्तकात मार्शलचं नाव येतं, पण ही परीक्षा स्वयंपाकघरात झाली, तेही मुलांना सांगा.

आणि तारीख बघा. पुढे ९ दिवसांनी, २ फेब्रुवारीला मेक्सिकोने अमेरिकेशी चाललेलं युद्ध संपवणाऱ्या तहावर सही करून कॅलिफोर्निया अमेरिकेला दिला, तिकडे कुणाला या सोन्याचा पत्ताच नव्हता.

सटरला ही गोष्ट गुप्त ठेवायची होती, ती राहिली नाही. १८४९ पर्यंत जगभरातून लोक निघाले, चिलीहून, चीनमधून, हवाईतून, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून. सटरची माणसं काम सोडून गेली, जमीन लोकांनी बळकावली. आज जी गिरणी दिसते ती प्रतिकृती आहे, मूळ जागेपासून थोडी बाजूला. निसेनान लोकांचं काय झालं ते फलकावर चार ओळीत असतं, पण ते चार ओळींचं नाही. १८४८ मधे कॅलिफोर्नियात अंदाजे दीड लाख मूळ रहिवासी होते, १८७० पर्यंत साधारण ३० हजार उरले. रोगराई, उपासमार, उघड कत्तली. १८५० चा कायदा असा होता की त्यांना पकडून सक्तीने कामाला जुंपता यायचं. निसेनान लोक आजही आहेत, या भागातच आहेत, ही गोष्ट भूतकाळात सांगून मोकळं व्हायचं नाही.

मला सगळ्यात जास्त जिच्याबद्दल बोलायचंय ती नॅन्सी गूच. १८४९ साली तिला आणि तिचा नवरा पीटरला मालकाने मिसुरीहून गुलाम म्हणून इथे आणलं. मुलगा अँड्र्यू तिकडेच राहिला, दुसऱ्याच्या मालकीचा. दुसऱ्या वर्षी कॅलिफोर्निया गुलामगिरी नसलेलं राज्य म्हणून अमेरिकेत सामील झालं आणि ही दोघं सुटली. मग नॅन्सीने काय केलं, तर खाणवाल्यांचे कपडे धुतले, त्यांना जेवण करून घातलं, पैसे साठवले. सोनं शोधणारे हजारो जण हात हलवत परत गेले, हिने त्यांच्या मळक्या कपड्यांवर जमीन घेतली. आणि यादवी युद्ध संपल्यावर मुलगा, सून, नातवंडं यांना मिसुरीहून कोलोमात आणलं, इतक्या वर्षांनी. त्याच सुमाराला, १८७३ मधे, तिकडे पुण्यात जोतिराव फुल्यांनी आपलं पुस्तक अमेरिकेतली गुलामगिरी मोडायला झटलेल्या लोकांना अर्पण केलं, म्हणजे मराठी माणसाने या गोष्टीकडे परकी म्हणून बघायचं काही कारणच नाही. पुढे नॅन्सीच्या मुलाच्या, म्हणजे मन्रो कुटुंबाने इथे फळबागा केल्या, जमीन वाढवली, ती इतकी की जिथे सोनं सापडलं ती मिलची जागा पण त्यांच्याकडे आली. १९४० च्या दशकात सरकारने पार्कसाठी ती घेतली. तुम्ही चालताय त्यातली बरीच जमीन त्यांची होती. म्हणून पार्कमधे शिरताना गाइडला आधी त्यांच्याबद्दल विचारा, मार्शलचं ते आपणहून सांगतातच.

मार्शलचा पुतळा वर टेकडीवर आहे, १८९० चा, बोट खाली नदीकडे, सोनं सापडलं त्या दिशेने. चढ आहे, पाणी घेऊन जा. सोन्याने त्याचं काही भलं झालं नाही, द्राक्षबाग केली, लोहारकाम केलं, राज्याने थोडी वर्षं पेन्शन दिली मग बंद केली, १८८५ मधे गेला तेव्हा हातात फारसं काही नव्हतं. पुतळ्याखालीच पुरलाय त्याला.

पॅनिंग करायचं असेल तर पार्कच्या हद्दीत ते नदीच्या पलीकडच्या, म्हणजे पूर्वेच्या काठावरच चालतं, फक्त हात आणि पॅन, फावडं वगैरे नाही. कण मिळतात अधूनमधून, मुलांना तेवढं पुरतं. मासे पकडून खायचा विचार असेल तर आधी सरकारी सूचना वाचा, त्या काळी सोनं वेगळं करायला सिएरातल्या नद्यांमधे पारा ओतलाय, तो गाळात अजून आहे. आणि जानेवारीत थंडीची तयारी असेल तर २४ तारखेच्या आसपास या, सोनं सापडल्याचा दिवस पार्कमधे साजरा करतात, जुन्या कपड्यातले स्वयंसेवक लोहाराचा भाता चालवून दाखवतात, आणि तेव्हा नदीकाठी तंबूची जागा बहुतेक लगेच मिळते.