मुद्दल परत येईल ना?

(दृश्य: हिवाळ्यातली सकाळ. दोन इमारतींना जोडणारा काचेचा पूल, त्यावरून ऑफिसला निघालेली माणसं.)

अमेरिकेतलं आयोवा राज्य म्हटलं की मक्याची शेतं डोळ्यांपुढे येतात. पण या राज्याची राजधानी, डी मॉइन, हे विम्याचं शहर आहे. प्रिन्सिपल ही विमा आणि गुंतवणूक कंपनी इथे 1879 पासून आहे. तिचं ऑफिस पुण्यातही असल्यामुळे नाव काहींनी ऐकलं असेल.

अशा एखाद्या कंपनीच्या प्रायव्हेट क्रेडिट टीममध्ये पहिली नोकरी लागली, तर मित्र हमखास विचारतात, "म्हणजे पॉलिसी विकणार का?"

नाही. पॉलिसीच्या हप्त्यांतून जमलेला पैसा कंपन्यांना कर्जाऊ द्यायचा. आज हप्ता भरणाऱ्याला कदाचित तीस वर्षांनी पैसे द्यावे लागतील, म्हणून कर्जही लांब पल्ल्याचं हवं: दहा, बारा, पंधरा वर्षांचं, ठरलेल्या व्याजाचं. हे कर्ज रोख्यांच्या रूपात असतं, पण त्यांची बाजारात जाहीर विक्री होत नाही. काही विमा कंपन्या मिळून ते घेतात आणि बहुतेकदा शेवटपर्यंत सांभाळतात.

(दृश्य: संगणकाचा पडदा, एक्सेलच्या रांगा.)

नव्या अनालिस्टच्या वाट्याला आधी येतं ते 'स्प्रेडिंग'. कर्ज मागणाऱ्या कंपनीचे पाच वर्षांचे ताळेबंद एका साच्यात उतरवायचे. कंटाळवाणं काम, पण डोळा तिथेच तयार होतो. नफा वाढतोय आणि रोकड मात्र आटतेय, हे आकडा आकड्याशेजारी बसवल्याशिवाय दिसत नाही. मग क्रेडिट मेमो, म्हणजे कर्ज द्यावं की नाही याचं टिपण. धंदा काय, स्पर्धा कोणाशी, मंदी आली तर व्याज भरता येईल का. शेवटी कर्ज मंजूर करणाऱ्या समितीसमोर बसायचं. तिथे केस पिकलेलं कोणीतरी शांतपणे विचारतं, "यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सुटलं तर?"

हा प्रश्न का, ते हिशेबातच आहे. समजा, 5 कोटी डॉलर दिले. सरकारी रोख्यांपेक्षा दीड टक्का जास्त मिळतो, म्हणजे वर्षाला साडेसात लाख. कंपनी बुडाली आणि निम्मं मुद्दल गेलं, तर तोटा अडीच कोटींचा. तो त्या दीड टक्क्यातून भरून काढायला तेहतीस वर्षं लागतील. उलट कंपनी दसपट मोठी झाली, तरी आपल्याला मिळणार ते ठरलेलं व्याजच. शेअरवाल्याची स्वप्नं इथे कामाची नाहीत.

म्हणून सगळा जीव करारात. कर्ज वर्षाच्या कमाईच्या, समजा, साडेतीन पटींवर जाऊ द्यायचं नाही. बँकांना जास्तीचं तारण दिलं, तर आम्हालाही द्या. आणि मुदतीआधी फेड केलीत तर 'मेक-होल': उरलेल्या व्याजाचं आणि मुद्दलाचं मिळून आजचं मोल चुकतं करा. ऐकायला उलटंच वाटतं, लवकर फेडणाऱ्याला दंड कसला? पण व्याजदर उतरलेले असताना पैसे परत आले, तर तीस वर्षांचं वचन पाळायचं कशातून?

(दृश्य: 'प्रायव्हेट क्रेडिट' असं लिहिलेली नोकरीची जाहिरात.)

जाहिरातीतल्या या शब्दांत मात्र एक गोम आहे. वर सांगितलं ते चांगली पत असलेल्या कंपन्यांना कर्ज देण्याचं जुनं काम. त्याच नावाखाली प्रायव्हेट इक्विटीच्या, म्हणजे कंपन्या विकत घेऊन पुढे विकणाऱ्या फंडांच्या, ताब्यातल्या आणि कर्जाचा मोठा बोजा असलेल्या कंपन्यांनाही बदलत्या दरानं पैसे दिले जातात. अपोलो ही अमेरिकी गुंतवणूक कंपनी आणि अथीन ही आयुर्विमा कंपनी जानेवारी 2022 मध्ये एकत्र आल्या, तेव्हापासून विम्याचा पैसा आणि वॉल स्ट्रीट यांतलं अंतर आणखी घटलंय. मुलाखतीत सरळ विचारावं: तुमची टीम यांतलं नेमकं काय करते? उत्तरावर पुढची दहा वर्षं अवलंबून असतात, कारण एकातून दुसऱ्यात उडी मारणं वाटतं तितकं सोपं नाही.

आपल्याकडे आयुर्विमा कंपन्यांना पारंपरिक पॉलिसींचा किमान निम्मा पैसा सरकारी आणि इतर मान्यताप्राप्त रोख्यांत ठेवावा लागतो आणि उरलेल्यावरही नियमांचा लगाम आहे. नरिमन पॉइंटच्या 'योगक्षेम'मध्ये एलआयसीचा प्रचंड पैसा हलतो, पण तिथलं काम वेगळं.

(दृश्य: संध्याकाळ. टेबलावर उघडी फाइल.)

तिमाही संपली. कर्जदार कंपनीचा हिशेब आलाय, सोबत अटी पाळल्याचं प्रमाणपत्र. मर्यादा साडेतीन पटींची, आकडा 3.3. गेल्या खेपेला 2.9 होता. रोख्याची मुदत 2037 पर्यंत. अनालिस्ट फोन उचलते.